पीटीओ शाफ्टचा झटपट जोड : आठ महिने चिखलात वापरून

सरळगावच्या पुढे आमची खाचरं आहेत. 45 एचपीचा ट्रॅक्टर आहे, घरचं काम उरकलं की भाड्याने मारतो. मे महिन्यात पीटीओ शाफ्टसाठी, म्हणजे ट्रॅक्टरच्या इंजिनाची ताकद मागच्या अवजाराला नेणाऱ्या फिरत्या दांड्यासाठी, हा झटपट जोड घेतला. आता म्हशाच्या जत्रेचे दिवस आलेत, म्हणजे एक आख्खा पावसाळा, एक मळणी आणि भेंडीची मशागत त्यावर झाली. पहिल्या महिन्यातच लिहिणार होतो, पण तेव्हा लिहिलं असतं तर नुसत्या शिव्याच लिहिल्या असत्या.

आधी त्रास कसला होता ते सांगतो. चिखलणीच्या दिवसांत सकाळी रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती कालवणारं अवजार), दुपारी कुणाची रोपं न्यायला ट्रॉली, संध्याकाळी परत रोटाव्हेटर. दर वेळी अवजार उचलणाऱ्या दोन लिफ्ट आर्मच्या मध्ये, वरच्या टॉप लिंकखाली डोकं घालून गुडघ्यावर बसायचं. एका हाताने जड शाफ्ट पेलायचा, अंगठ्याने पिन दाबून धरायची आणि न बघता खाचा जुळवायच्या. ट्रॅक्टरच्या मागे बाहेर आलेल्या पीटीओ दांड्याला खाचा 6, म्हणजे 60 अंशांच्या आत कुठेतरी जोड बसायलाच हवा. कागदावर. प्रत्यक्षात शाफ्टचं दुसरं टोक रोटाव्हेटरला जोडलेलं असतं, त्यामुळे तो जरासा फिरवायचा तरी गिअरबॉक्स आणि चिखलाने माखलेली पाती सगळीच फिरवावी लागतात. त्यात आपल्याकडचा पाऊस. चार दिवस मशीन उभं राहिलं की पिन गंजून आत बसते ती बाहेर येत नाही. बाबा सरळ हातोडी मारायचे. तो मार आत बेअरिंगला बसतो हे त्यांना पटवता पटवता दोन हंगाम गेले.

या जोडाचे तुकडे दोन. एक ट्रॅक्टरच्या दांड्यावर कायमचा कसून बसवायचा, दुसरा शाफ्टच्या योकमध्ये, म्हणजे टोकाच्या दोन फाट्यांच्या तुकड्यात. ट्रॅक्टरकडच्या तुकड्याचं तोंड निमुळतं आहे, त्यामुळे शाफ्ट थोडा वाकडा आला तरी आत ढकलताना आपोआप सरळ होतो. कॉलर, म्हणजे जोडावरची सरकती कडी, मागे ओढायची, ढकलायचं, सोडायची, की खट्ट आवाज येतो. आवाज आला तरी मी शाफ्ट एकदा जोरात मागे ओढून बघतो. ती सवय सोडू नका. 540 आरपीएम म्हणजे सेकंदाला 9 फेरे. अर्धवट बसलेला शाफ्ट त्या वेगात सुटला तर काय होईल हे लिहायला नको. पूर्वी जोडायला दहा-पंधरा मिनिटं आणि दोन माणसं लागायची. आता एकटा दोन मिनिटांत जोडतो, तेही शर्ट फारसा न मळवता.

आता शिव्यांचा भाग. जोड बसवला की शाफ्टची लांबी चार बोटं वाढते, हे विकणाऱ्याने सांगितलं नाही आणि डब्यातल्या कागदावरही नव्हतं. मी रोटाव्हेटर जमिनीवर टेकलेला असताना शाफ्ट जोडला, छान बसला. पहिल्याच बांधाशी लिफ्ट वर घेतली आणि धाडकन आवाज झाला. उचलताना मध्ये एक टप्पा असा येतो की ट्रॅक्टरचा दांडा आणि रोटाव्हेटरचा दांडा एका रेषेत येतात. तिथे दोघांतलं अंतर सगळ्यात कमी असतं. पाइपात पाइप सरकायला जागाच उरली नाही, मग सगळा दाब गेला ट्रॅक्टरच्या दांड्यावर. पीटीओच्या सीलमधून तेल यायला लागलं. भर चिखलणीत एक दिवस गाडी उभी. तो खर्च जोडाच्या किमतीत धरलाच पाहिजे, आणि जोडच मुळात चार-पाच क्रॉस (शाफ्टच्या सांध्यातले अधिकच्या चिन्हासारखे तुकडे) बदलून झाले असते एवढ्या पैशांचा आहे.

मग कल्याण रोडवरच्या एका वर्कशॉपमध्ये शाफ्ट कापून घेतला. आतला पाइप, बाहेरचा पाइप आणि दोन्ही प्लॅस्टिकची कव्हरं, सगळी सारख्या मापाने कापायची. कापलेल्या कडा कानशीने नीट घासून, आत ग्रीस लावून मगच जोडायचं. कापण्याआधी लिफ्ट हळूहळू वरखाली करून सगळ्यात जवळची जागा शोधा आणि तिथेही पाइप इंचभर सरकायला मोकळा राहील एवढंच कापा. जास्त कापलंत तर उलटी पंचाईत, पूर्ण लांब झाल्यावर पाइप एकमेकांत पुरेसे राहत नाहीत आणि जोरावर वाकतात. पाइप पुन्हा जोडताना दोन्ही टोकांचे योक एका रेषेत आहेत ना तेही बघा. माझ्या भाच्याने घाईत एकदा उलटे घातले होते. मशीन अशी थरथरली की शेजारच्या खाचरातले काका बांधावर येऊन उभे राहिले.

आखूड शाफ्टची एक शिक्षा कायमची मिळते. लिफ्ट वर घेतली की क्रॉसचा कोन पूर्वीपेक्षा जास्त होतो आणि खडखड येते. आमची खाचरं लहान, दर पाच मिनिटांनी बांध. आता प्रत्येक बांधाला आधी पीटीओ बंद, मग लिफ्ट वर. खरं तर हे आधीपासूनच करायला हवं होतं. क्रॉसच्या निपलला दिवसाकाठी ग्रीस मारतो, आणि चिखलणीत कॉलरमध्येही थोडं तेल सोडतो. जुलैत एकदा चिखल आत वाळून कॉलर घट्ट झाली होती. पाण्याचा फवारा आणि डिझेलने सुटली, हातोडी लागली नाही. बाबांना जरा वाईट वाटलं असावं.

माझी मुख्य तक्रार मात्र कव्हरची आहे. शाफ्टचं प्लॅस्टिक कव्हर या जोडाच्या अलीकडेच संपतं. लोखंडाचा एक गोळा उघडा गरगरत राहतो, आणि कॉलरला बाहेर आलेले उंचवटे आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मळणीला आजूबाजूला सगळं घर असतं. बायका पेंढा ओढतात, कुणाचा पदर, कुणाचा खांद्यावरचा टॉवेल. थ्रेशरच्या शाफ्टपाशी हे चालणार नाही. मी वेगळं मोठ्या तोंडाचं कव्हर शोधून आणलं आणि त्याची साखळी ट्रॅक्टरला बांधली, तोवर खळ्यावर हा जोड वापरलाच नाही. बनवणाऱ्याने हे सोबत द्यायला हवं होतं. यासाठी माझ्याकडून एक तारा कमी.

तरी परत घेईन का? घेईन, आणि कारण वाचलेली मिनिटं नाहीत. पूर्वी रोटाव्हेटरच्या पात्यांत वेल-गवत अडकलं किंवा पातं बदलायचं असलं की कुणी शाफ्ट काढायचंच नाही. "इंजिन बंद आहे ना, कशाला काढतोस?" मीही असंच म्हणायचो. काढायला पाव तास आणि लावायला पाव तास, तेवढ्यासाठी कोण चिखलात बसणार? आता भाचा खाली उतरला की आधी कॉलर ओढून शाफ्ट बाजूला ठेवतो, मग पात्यांना हात लावतो. मी त्याला हे कधी सांगितलं नव्हतं. सोपं आहे म्हणून तो करतो.

घेणाऱ्यांनी एक हिशेब लक्षात ठेवा. ट्रॅक्टरकडचा तुकडा एक पुरतो, पण शाफ्टकडचा तुकडा प्रत्येक अवजाराला वेगळा लागतो, नाहीतर तोच काढून घालत बसाल आणि सगळी मजा जाईल. दांडा 6 खाचांचा आणि पावणेदोन नव्हे, 1 पूर्णांक 3/8 इंचाचा आहे ना, हे मोजूनच मागवा. 1000 आरपीएमच्या 21 खाचांच्या दांड्यावर हा बसत नाही. मी रोटाव्हेटर आणि थ्रेशरसाठी असे दोन घेतलेत. फवारणीच्या पंपाला अजून जुनीच पिन आहे, आणि परवा ती परत अडकली.