कंपनी सरकारचं पिस्तूल आणि बाजारातले नवे सुटे भाग: काय घ्यावं, काय टाळावं

ठासणीच्या लष्करी पिस्तुलांचा शौक असणाऱ्यांच्या हाती कधी ना कधी ब्रिटिश ‘न्यू लँड पॅटर्न’ येतं, नाहीतर त्याच घडणीचं ईस्ट इंडिया कंपनीचं पिस्तूल. 9 इंची नळी, .65 इंच बोअर (नळीच्या आतला व्यास), मानेत कडी असलेला चपटा घोडा आणि बिजागरीने नळीलाच जखडलेला, बार ठासायचा गज. दोनशे वर्षांत त्यातलं काही ना काही गळालेलं असतंच. कुठे घोड्याचा गारगोटी धरणारा वरचा जबडा नसतो, कुठे फ्रिझनची (गारगोटी आपटून ठिणगी पाडणाऱ्या पोलादी झाकणाची) स्प्रिंग, कुठे बिजागरीसकट गज. ही भोकं बुजवायला नव्याने ओतलेले भाग सुटे आणि संचात मिळतात. गोळी झाडायला नव्हे, तर संग्रहात ठेवायला म्हणून ते कसे आहेत, ते पाहू.

आधी सगळ्यात जास्त खपणारा भाग, म्हणजे घोडा. बहुतेक घोडे जुन्या अस्सल घोड्यावरून साचा काढून मेणाच्या ओतकामाने केलेले असतात. पोलाद थंड होताना आक्रसतं, साधारण 2 ते 3 टक्के. 60 मिमी लांबीवर 2 टक्के म्हणजे 1.2 मिमी. ऐकायला किरकोळ वाटतं, पण तेवढ्याने गारगोटीची धार फ्रिझनवर खाली उतरते आणि घोडा लॉकप्लेटच्या (लॉक म्हणजे घोडा चालवणारी यंत्रणा, तिच्या बाहेरच्या पट्टीच्या) कडेवर नीट टेकत नाही. मधलं चौकोनी छिद्र मुद्दाम लहान ठेवलेलं असतं, ते कानशीने बसवून घ्यावं लागतं. खरी गडबड इथेच होते. छिद्राचा कोन जरासा चुकला की घोडा अडायच्या अर्धा चाप (सुरक्षित) आणि पूर्ण चाप (झाडायला तयार) या दोन्ही जागा फिरतात. मग कारागीर सोपा मार्ग काढतो आणि आतल्या टम्बलरचा (घोडा ज्यावर बसतो त्या फिरत्या तुकड्याचा) जुना चौकोनच घासतो. नवा घोडा उद्या बदलता येईल, घासलेला टम्बलर परत येणार नाही. कानस चालवायची ती फक्त नव्या भागावर, हे कामाला देण्यापूर्वी लिहूनच द्यावं. घोडा म्हणून दर्जा बरा. मुळातला मोडका घोडा जागेवर असेल तर मात्र घेऊ नये.

वरचा जबडा आणि त्याचा स्क्रू यांना पैकीच्या पैकी. हे दोन्ही भाग पलटणीत असतानाच हरवायचे आणि शस्त्रकार नवे लावायचे, त्यामुळे बदललेला जबडा पाहून जाणकार नाक मुरडत नाही. अडचण आट्यांची आहे. ब्रिटिश अभियंता व्हिटवर्थने प्रमाणित आटे सुचवले 1841 मध्ये. ही पिस्तुलं त्याआधीची. ज्याच्या त्याच्या कारखान्याचे आटे वेगळे. संचातला स्क्रू आजच्या मापाचा असतो, तो दोन फेऱ्यांत अडतो आणि लोक टॅप (आटे पाडायचं हत्यार) घेऊन घोड्यातलं जुनं छिद्रच नव्याने आटतात. तसं करू नये. कोरा स्क्रू मागवावा आणि लेथवर जुन्या आट्यांच्या मापाने काढून घ्यावा. स्क्रूच्या डोक्याची खाचही बघावी: जुनी अरुंद असते, आजची रुंद आणि सरळ काठांची.

फ्रिझन ठीकठाक. बिजागरीचं छिद्र जरा इकडेतिकडे पडलेलं असतं, म्हणून रंजकाच्या (बार पेटवणाऱ्या बारीक दारूच्या) वाटीवर झाकण बसलं तरी केसाएवढी फट राहते. फट बुजवायला वाटी घासणं हा टम्बलरसारखाच गुन्हा.

पितळी साजाचं (चापाची कमान, मुठीची टोपी) म्हणाल तर टाळलेलंच बरं. आक्रसलेल्या पितळेची छिद्रं जुन्या लाकडातल्या छिद्रांशी जुळत नाहीत, मग दस्त्यात नवी भोकं पडतात. अक्रोडाच्या जुन्या दस्त्याला पडलेलं भोक कायमचं. शिवाय पिवळंधमक पितळ जुनं दिसावं म्हणून कुणीतरी त्याला आम्ल लावतो, आणि तो काळेपणा खोल कोपऱ्यांतही सारखाच बसतो. वापरलेल्या पितळेचं तसं नसतं: हाताच्या जागा उजळ, खाचा काळ्या.

आता ज्यावरून खरी भांडणं होतात तो संच: कॅपवर (घोड्याच्या ठोक्याने पेटणाऱ्या स्फोटक टोपीवर) चालणारं पिस्तूल पुन्हा चकमकीचं, म्हणजे गारगोटीचं, करण्याचा. 1840 च्या आसपास सैन्यं कॅपवर गेली तेव्हा हजारो चकमकी पिस्तुलांची वाटी आणि फ्रिझन काढून रंजकाच्या छिद्रावर निपल (कॅप चढवायचं पोकळ टोक) बसवलं गेलं. तो बदल स्वतःच इतिहास आहे, आणि पलटणीच्या कारागिराने केलेला असेल तर ते पिस्तूल तसंच्या तसं अस्सल. त्याला मागे नेणारा संच म्हणजे पैसे मोजून पुरावा पुसणं. असं पिस्तूल विकायला आलं तर ओळखायचं कसं? छिद्राभोवती नळीत नवी भरणी (बुश) दिसते. वाटीच्या बाजूची नळी गुळगुळीत असते. खऱ्या वापरात तिथे रंजकाने खाल्लेले खड्डे असायला हवेत. लॉक उघडून आतली बाजू बघा: तिथे जुना गंज आणि बाहेर एकसारखा तपकिरी रंग असेल तर विक्रेत्याला प्रश्न विचारायचे.

लॉक उघडलंच आहे तर आतल्या भागांवरच्या कानशीच्या बारीक खुणाही बघून घ्या. एका पिस्तुलाचे भाग एकत्र राहावेत म्हणून कारागीर त्या मारत. एका भागावर तीन रेघा आणि शेजाऱ्यावर दोन, म्हणजे भाग दुसऱ्या लॉकचा. ओतीव भागावर अशी खूण नसते, असतात ती बारीक छिद्रं आणि घासूनही पूर्ण न गेलेली साच्याची शिवण.

कंपनीच्या शिक्क्यांबद्दल एक चाचणी फुकट आहे. हृदयाच्या आकाराचा जुना शिक्का 1808 मध्ये गेला आणि मुकुट धरलेला सिंह आला. लॉकवर सिंह आणि खाली 1790 च्या दशकातलं साल असेल तर पुढे बघायचीही गरज नाही. चोर बाजारात असले सिंह भरपूर भेटतात, आणि त्यांच्या आयाळीच्या कडा मऊ असतात, कारण ते ठोकलेले नसून लॉकप्लेटबरोबरच ओतलेले असतात. शंका असेल तर लीड्सच्या रॉयल आर्मरीजच्या संकेतस्थळावर याच घडणीच्या पिस्तुलांचे फोटो आहेत, शेजारी ठेवून ताडून पाहता येतं.

भाग लावलाच तर आतल्या, न दिसणाऱ्या बाजूवर साल कोरून घ्यावं, काढलेला जुना तुकडा तेल लावून पिशवीत पिस्तुलाबरोबर ठेवावा, आणि विकताना दोन्ही दाखवावं. किंमत पडते ती नव्या जबड्यामुळे नव्हे, तो लपवल्यामुळे. अस्सल माल भारतात असेल तर एक ध्यानात असू द्या: 100 वर्षांवरची वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येते, ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, म्हणजे परदेशातल्या कारागिराकडे दुरुस्तीला धाडायचा बेत आधीच बाद.