दोन छोटे इंटरफेस की चार माइकचा एकच?

भजनी मंडळातला एक मित्र पेचात आहे. त्याच्याकडे दोन माइकचा यूएसबी इंटरफेस, म्हणजे माइक संगणकाला जोडणारा डबा आहे. पेटी, पखवाज आणि दोन गायक वेगळ्या ट्रॅकवर हवेत, मग तसाच आणखी एक घ्यावा की चार माइकचा नवा?

पहिल्या नजरेला खर्चात दुसरा छोटा स्वस्त पडतो. पण खरी गोम घड्याळात आहे. प्रत्येक इंटरफेस आपल्याच आतल्या घड्याळावर आवाजाचे नमुने मोजतो. ४८,००० नमुन्यांमागे एकाचाही फरक पडला, तरी तासाभरात ७५ मिलिसेकंदांची तफावत होते. पखवाजाचा ‘धा’ गायकाच्या माइकमध्येही शिरतो. शेवटच्या अभंगापर्यंत तो दोनदा वाजल्यासारखा ऐकू येतो. एकाच इंटरफेसात हा प्रश्नच उद्भवत नाही.

जोडणीचं म्हणाल तर विंडोजवर एएसआयओ (रेकॉर्डिंगसाठीचा ऑडिओ ड्रायव्हर) वापरताना सहसा एकच उपकरण निवडता येतं. मॅकवर ‘अ‍ॅग्रिगेट डिव्हाइस’ करून, म्हणजे दोन्ही एकच उपकरण म्हणून जोडून, ड्रिफ्ट करेक्शन (घड्याळातली तफावत भरून काढणारी सोय) लावलं की दोन्ही बऱ्यापैकी जुळतात.

खोक्यावरच्या आकड्यावर मात्र जाऊ नका, माइक प्रीअँप, म्हणजे माइकचा क्षीण आवाज वाढवणारे भाग मोजा. स्कारलेट ४आय४ मध्ये ते दोनच आहेत, बेरिंगर यूएमसी४०४एचडीमध्ये चार.

मॅक असेल आणि वर्षातून एखाददुसरं छोटं रेकॉर्डिंग असेल, तर दुसरा छोटा चालेल. विंडोजवर किंवा तासभराच्या भजनासाठी जुना विकून चार माइकचाच घ्यावा. मित्रालाही मी हेच सांगितलं.