स्विच टेस्टिंगचा बेंच: पैसे वसूल
जळगाव एमआयडीसीत आम्ही ट्रॅक्टरचे लाइट-स्विच बनवतो. स्विच किती वेळा दाबल्यावर टिकतो हे तपासायला पूर्वी पोरं तो हाताने दाबून वहीत आकडे मांडायची. आता इथल्याच एका ऑटोमेशनवाल्याकडून बेंच करून घेतला. हवेचा सिलिंडर स्विच दाबतो, पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कंट्रोल-कॉम्प्युटर) मोजतो.

मला सगळ्यात भावलं ते म्हणजे लोड म्हणून खरे १२ व्होल्टचे हॅलोजन बल्ब लावता येतात. थंड फिलामेंट पेटताना नेहमीच्या जवळपास दहापट करंट ओढते, स्विचमधले कॉन्टॅक्ट (एकमेकांना टेकणारे धातूचे भाग) जळतात ते तेव्हाच. म्हणून दोन ठोक्यांमध्ये बल्ब गार व्हायला वेळही सेट करता येतो. कॉन्टॅक्टवरचा मिलिव्होल्ट ड्रॉप (तिथे वाया जाणारा किंचित व्होल्टेज, कॉन्टॅक्ट खराब झाला की तो वाढतो) मर्यादेबाहेर गेला की बेंच आपोआप थांबतो. लाइट गेली तरी काउंट टिकतो, हे आमच्याकडे फार मोलाचं!

तक्रार एकच, पॅनेलला पंखा नाही. जळगावचा मे महिना माहीत असणाऱ्याने तो न सांगता बसवायला हवा होता.