ऑस्ट्रेलियाची फेरी संपली, गाडी विकायचीय: क्वीन्सलँड पासिंग बरं की वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचं?

वर्क अँड हॉलिडे व्हिसाच्या सोडतीत २०२४ पासून भारतीयांना वर्षाला १,००० जागा मिळायला लागल्या. त्यामुळे जुनी व्हॅन घेऊन ऑस्ट्रेलियाला वळसा घालणाऱ्या हायवे वनवरून फिरायचे बेत आता आपल्याकडची पोरंही आखतात. गाडी घेताना सगळे इंजिन बघतात, टायर बघतात, मागे झोपायला जागा किती ते बघतात. रेगो, म्हणजे गाडीची नोंदणी किंवा आपलं पासिंग, कुठल्या राज्याची आहे हा प्रश्न मात्र परतीचं तिकीट काढल्यावर सुचतो.

माझी टारागो व्हॅन वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या पासिंगची होती. सोबतच्या मित्राची फाल्कन वॅगन क्वीन्सलँडची. दोन्ही गाड्या शेवटी क्वीन्सलँडच्या उत्तरेला केर्न्समध्येच विकल्या, म्हणून तुलना करायचं धाडस करतोय.

आधी क्वीन्सलँडची चांगली बाजू. तिथे गाडी विकायला काढण्याआधीच सेफ्टी सर्टिफिकेट घ्यावं लागतं आणि ते गाडीवर दिसेल असं लावावं लागतं. साहजिकच गिऱ्हाईक निर्धास्त असतं. फाल्कनखाली वाकून कुणी फारसं बघितलं नाही, आणि भावही माझ्यापेक्षा बरा आला. शिवाय तिथली स्थानिक कुटुंबंही अशी गाडी घेतात. माझ्या गाडीकडे ती मंडळी फिरकलीच नाहीत. पुण्यात केए पासिंगची गाडी विकायला काढून बघा, म्हणजे त्यांचे चेहरे कसे झाले असतील ते कळेल. त्यांचंही बरोबरच होतं म्हणा, कारण ती गाडी क्वीन्सलँडच्या नावावर चढवायची तर सर्टिफिकेटचा खर्च त्यांच्याच बोकांडी बसणार.

पण या सर्टिफिकेटची मुदत! खाजगी विक्रीसाठी दोन महिने किंवा २,००० किलोमीटर, यातलं जे आधी संपेल ते. एका जागी राहणाऱ्या माणसाला हे पुष्कळ झालं. फिरणाऱ्याला नाही. मित्राने ब्रिस्बेनमध्ये सर्टिफिकेट काढलं, तिथे मनासारखं गिऱ्हाईक मिळेना, म्हणून आम्ही उत्तरेकडे निघालो. ब्रिस्बेन ते केर्न्स सरळ गेलं तरी १,७०० किलोमीटरच्या आसपास. मध्ये एअर्ली बीचला वळलो, पुढे अ‍ॅथर्टनच्या पठारावर भटकलो, आणि केर्न्समध्ये जाहिरात टाकायच्या वेळी कागद बाद. पुन्हा तपासणी. पहिल्या गॅरेजवाल्याला जे दिसलं नव्हतं ते दुसऱ्याला दिसलं: सस्पेन्शनचे बुश गेलेले, काचेला खडी लागून गेलेला तडा. नापास झालं की दुरुस्ती करून पुन्हा दाखवायला १४ दिवस मिळतात. ते ठीक आहे हो, पण पार्ट यायची वाट बघत कारवान पार्कचं भाडं भरत बसायचं, आणि तोवर जाहिरातही टाकायची नाही. भावात जे जास्त मिळालं ते बहुतेक तिथेच गेलं असावं. हिशोब मित्राने मांडला नाही, मीही विचारला नाही.

वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या चालू रेगोच्या साध्या गाडीला नाव बदलताना तपासणी लागत नाही. रेगोची मुदतही कुठूनही ऑनलाइन वाढवता येते. नाव बदलायचा फॉर्म दोघांनी भरायचा. विकणाऱ्याने सात दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने चौदा दिवसांत आपला भाग पाठवून ड्युटी भरायची. माझा सौदा हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून झाला. घेणारं जोडपं पर्थच्या दिशेनेच निघालं होतं. त्यांनी दोन डॉलर भरून पीपीएसआर या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत गाडीवर कर्ज आहे का, ती चोरीची किंवा मोडीत काढलेली आहे का ते तपासलं, ओळखीच्या मेकॅनिकला गाडी दाखवली आणि घासाघीस मात्र मनसोक्त केली. कागद नाही म्हटल्यावर ती होणारच. सही झालेल्या फॉर्मचा आणि घेणाऱ्याच्या लायसन्सचा फोटो काढून ठेवा. विक्रीची नोंद लागेपर्यंत टोल आणि दंड तुमच्याच नावावर येत राहतात.

एक मान्य करायला हवं. गाडी कायमची दुसऱ्या राज्यात ठेवायची असेल तर तिथलं पासिंग करून घेणं अपेक्षित असतं. म्हणजे वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या पासिंगला खरं गिऱ्हाईक एकच, तुमच्यासारखा फिरस्ता. तुम्ही ब्रिस्बेनमध्येच नोकरी करून अधूनमधून फिरणार असाल आणि विकायला निवांत वेळ असेल, तर क्वीन्सलँडची गाडी घ्या, चार पैसे जास्त मिळतील. शेवट कुठल्या गावात होईल हे आज सांगता येत नसेल, तर मी तरी पुन्हा वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचीच शोधेन.

फक्त ऑक्टोबरच्या शेवटी डार्विनमध्ये विकायचा बेत नको. पावसाळा तोंडावर आला की फिरस्ते दक्षिणेला सरकतात, मग पासिंग कुठलंही असो, गिऱ्हाईक मिळणं कठीण. त्यापेक्षा स्टुअर्ट हायवेने खाली अ‍ॅडलेड गाठा, आणि रेगोचे निदान तीन महिने शिल्लक असताना जाहिरात टाका.