जुना आयडीई डीव्हीडी रायटर नव्या लॅपटॉपवर: सात महिन्यांचा अनुभव

आमच्या २००६ च्या डेस्कटॉपमधून काढलेला डीव्हीडी रायटर मी गेले सात महिने नव्या लॅपटॉपला जोडून वापरतोय. घरात साठ-सत्तर सीडी पडून होत्या. त्यात ताईच्या लग्नाच्या तीन व्हीसीडी, आणि आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या. आजी आता नाही, म्हणून ती सीडी मला सगळ्यांत मोलाची. आधी यूएसबीवर चालणारा नवा पातळ ड्राइव्ह घेतला होता. बाकीच्या बऱ्याच डिस्क त्याने वाचल्या, पण ओव्यांच्या सीडीवर तो नुसताच फिरत राहायचा.

जुना ड्राइव्ह आयडीई, म्हणजे ४० पिनांच्या रुंद पट्टीने जोडायचा. पुण्यातल्या तापकीर गल्लीतून त्याचा यूएसबी कन्व्हर्टर आणला. सोबत पॉवर अडॅप्टर असेल तोच घ्या. या ड्राइव्हला ५ आणि १२ असे दोन्ही व्होल्ट लागतात, आणि साध्या यूएसबी पोर्टमधून फक्त ५ मिळतात.

पहिले दोन दिवस वाया गेले. दिवा लागे, ट्रे उघडे, पण लॅपटॉपला ड्राइव्ह दिसेचना. शेवटी मागचा जम्पर, म्हणजे पिनांवर बसवायची छोटी टोपी, बघितला. एका पट्टीवरच्या दोन ड्राइव्हपैकी कोण पहिला (मास्टर) आणि कोण दुसरा (स्लेव्ह) हे ती ठरवते. जुन्या मशीनमध्ये हार्ड डिस्क मास्टर होती, त्यामुळे हा स्लेव्हवर लावलेला. चिमट्याने काढून मास्टरवर बसवला, आणि विंडोज ११ ने कुठलाही ड्रायव्हर न मागता लगेच ओळखला. तेव्हापासून आधी ड्राइव्हला वीज, मग यूएसबी, हा क्रम मी मोडत नाही.

तिसऱ्या महिन्यात ट्रे अडकू लागला. पुढच्या बारीक भोकात सरळ केलेली पेपरक्लिप घालून तो उघडता येतो, पण खरं दुखणं आतल्या रबरी बेल्टचं होतं, तो सैल झालेला. टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी त्याच मापाचा बेल्ट शोधून दिला.

ओव्यांसाठी लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू, म्हणजे खराब डिस्कवरून डेटा वाचवणारा प्रोग्राम, वापरलं. नव्या ड्राइव्हने जेवढं वाचलं तेवढं इमेजमध्ये (डिस्कच्या हुबेहूब प्रतीत) उतरवलं, मग कुठला भाग वाचला आणि कुठला राहिला याची नोंद असलेली तीच मॅप फाइल देऊन जुन्या ड्राइव्हवर पुन्हा चालवलं. म्हणजे राहिलेल्या सेक्टरांवरच (डिस्कवरच्या छोट्या तुकड्यांवरच) तो परत परत प्रयत्न करतो. रात्रभर घरघर चालू होती. सकाळी अकरापैकी दहा फाइली अखंड मिळाल्या, अकरावीत मध्ये थोडा आवाज तुटतो. आईने त्या लागोपाठ दोनदा ऐकल्या.

व्हीसीडींचं एवढं चांगलं झालं नाही. त्यांच्यात व्हिडिओच्या सेक्टरांना डेटा सीडीसारखी चूक दुरुस्त करणारी जादा माहिती नसते, त्यामुळे ओरखडा आला की चित्राचे चौकोन होतात. सप्तपदीच्या वेळचे काही सेकंद तसेच गेले. दोन सीडींचा वरचा चंदेरी थरच सुटलाय. त्या कुठल्याच ड्राइव्हवर वाचल्या जात नाहीत.

अजून वीसेक डिस्क बाकी आहेत. रोज रात्री जेवणं झाली की दोन लावतो.