मगदी ते बोगोरिया: केनियाच्या खचदरीतले नऊ दिवस

तीस वर्षं मी पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम केलं. म्हणून केनियाला निघताना बॅगेत सगळ्यात आधी गेली ती पीएच कागदाची पुस्तिका (हा कागद पाण्यात बुडवला की रंगावरून कळतं: हिरवा म्हणजे साधं पाणी, गडद जांभळा म्हणजे तीव्र अल्क). गेल्या फेब्रुवारीत आम्ही दोघं पुण्यातल्या एका छोट्या सहल संस्थेबरोबर पूर्व आफ्रिकेची खचदरी बघून आलो. चौदा माणसं, नऊ दिवस, विमानासकट माणशी २ लाख ६५ हजार. सहल मनापासून आवडली, पण दोन तक्रारी आहेत आणि त्याही लिहिणार आहे. म्हणून संस्थेचं नाव इथे देत नाही.

सिंह-हत्तींच्या सहली पुण्यातून ढिगाने निघतात. ही सहल दगड आणि तळी बघायची होती, आणि बरोबर भूशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक होते. सरांनी निघायच्या आधीच्या रविवारी सगळ्यांना सकाळी साडेसहाला वेताळ टेकडीवर बोलावलं. खाणीच्या कडेला उभं करून बेसाल्टचे आडवे थर दाखवले. "हा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आला, पसरला, थरावर थर चढले. तिकडे जमीन ताणली जातेय. दोन बाजूंना विभंग, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या भेगा, पडलेत आणि मधला पट्टा खाली बसलाय. आता हे डोळ्यांत ठेवा." पुढे नऊ दिवस त्या एका सकाळीचा उपयोग झाला. खचदरी हा शब्द शाळेच्या पुस्तकात सगळ्यांनीच वाचलेला असतो, पण आपल्या टेकडीशेजारी ठेवून पाहिला की तो कळतो.

पहिला मुक्काम नैरोबी, आणि दुसऱ्या दिवशी तिथून नैऋत्येला सुमारे ११० किलोमीटरवर मगदी तळं. वाटेत ओलोर्गेसायली लागतं. आटून गेलेल्या जुन्या तळ्याचा पांढरा गाळ आणि त्यात आदिमानवाच्या दगडी हातकुऱ्हाडी, जिथे सापडल्या तिथेच ठेवलेल्या. लुई आणि मेरी लीकी या संशोधक जोडप्याने १९४० च्या दशकात इथे काम केलं. पुढे रस्ता पायरी-पायरीने उतरत जातो. प्रत्येक पायरी म्हणजे एक विभंग, हे सर गाडी थांबवून दाखवत होते.

मगदीला पोचलो तेव्हा ऊन टळटळीत. तळं म्हणावं तर पाणी फक्त कडेला, बाकी सगळीकडे पांढरी-गुलाबी साय. ती ट्रोना, म्हणजे सोडियम कार्बोनेट आणि बायकार्बोनेट एकत्र गोठलेलं. काठावरच्या उष्ण झऱ्यांतून सोड्याचं पाणी येतं, बाहेर जायला वाट नाही, ऊन पाणी उडवून नेतं आणि सोडा मागे राहतो. इथला सोडा शंभर वर्षांहून जास्त काळ काढतायत आणि कारखाना आज टाटा केमिकल्सचा आहे. मी काठाशी बसून पाण्यात बोटं बुडवली आणि एकमेकांवर घासली. बुळबुळीत. प्रयोगशाळेत सांडलेला अल्क हाताला लागला की अगदी असंच लागतं! कागद बुडवला तर क्षणात गडद जांभळा झाला. ज्या सोड्याच्या बाटल्या मी आयुष्यभर भरल्या, तो जमिनीतून असा आपणहून येताना बघून माझा घसाच दाटून आला.

पहिली तक्रार इथेच. आदल्या दिवशी नैरोबीच्या एका मॉलमध्ये अडीच तास दिले आणि मगदीला जेमतेम दीड तास, तोही भर दुपारी. त्या उष्ण झऱ्यांत राहणारे बोटाएवढे मासे जगात दुसरीकडे क्वचितच दिसतात. ते बघायचे राहिले. सकाळी लवकर निघून दिवस तिथेच घालवायला हवा.

तिसऱ्या दिवशी लिमुरूकडून कडा उतरलो. घाटातल्या थांब्यावरून समोर सगळी दरी उघडते आणि मधोमध लाँगोनोट ज्वालामुखी. जॉन वॉल्टर ग्रेगरी या ब्रिटिश भूशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये या भागात फिरून अभ्यास केला, म्हणून खचदरीच्या या फाट्याला ग्रेगरी रिफ्ट म्हणतात. तिथून नैवाशा तळं. आणि नैवाशात मी कागद बुडवला तर हिरवट! गोडं पाणी, पाणघोडे, पपायरसची बेटं. याही तळ्यातून बाहेर जाणारी नदी नाही, मग हे खारट का नाही? मी विचारल्यावर सर म्हणाले, "ताई, हे तळं खालून गळतं. मालेवा नदी गोडं पाणी आणून ओतते आणि क्षार जमिनीखालच्या पाण्याबरोबर निघून जातात." एकाच दरीतली दोन तळी इतकी वेगळी का, याचं उत्तर तिथे काठावर उभं राहून मिळालं. माझ्या मते पूर्ण सहलीचे पैसे इथेच वसूल झाले.

नैवाशाजवळच्या हेल्स गेट उद्यानात सायकलवरून फिरलो. तिथल्या घळीत पूर्वी अचानक आलेल्या लोंढ्याने माणसं गेली आहेत, त्यामुळे ढग दिसताच सरांनी आत उतरणं रद्द केलं. कुणी कुरकुर केली नाही. शेजारी ओल्कारियाला जमिनीतल्या वाफेवर १९८१ पासून वीज बनते. वाटेत ऑब्सिडियनचा, म्हणजे ज्वालामुखीच्या नैसर्गिक काचेचा, तुकडा मिळाला. हातात काळा कुळकुळीत, पण उन्हात धरला की कड चहाच्या रंगाची. बघून परत तिथेच ठेवला.

दुसरी तक्रार नाकुरू तळ्याची. माहितीपत्रकावर गुलाबी रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांनी भरलेलं नाकुरू छापलंय. २०१० नंतर खचदरीतल्या तळ्यांची पातळी खूप चढली. नाकुरूत उद्यानाचं जुनं प्रवेशद्वारसुद्धा पाण्याखाली गेलं, पाणी फिकं झालं, पक्ष्यांचं खाणं कमी झालं आणि थवे पांगले. आम्हाला तिथे थोडेच दिसले. चौदापैकी निम्मी माणसं हिरमुसली. संस्थेला हे माहीत होतं, तर आधी सांगायला हवं होतं.

थवे भेटले बोगोरिया तळ्याला. विषुववृत्त ओलांडून आम्ही तिथे पोचलो. काठावर उकळते झरे फसफसत होते आणि वाफेपलीकडे पाण्यावर छोट्या रोहितांची गुलाबी पट्टी. आपल्या भिगवणला येतो तो मुख्यतः मोठा रोहित. हा छोटा, चोच गडद लाल, मान खाली घालून सोड्याच्या पाण्यातलं स्पिरुलिना हे सूक्ष्म शेवाळ गाळून खाणारा. इथेही कागद गडदच, लोणारला विद्यार्थ्यांबरोबर बघितला होता तसाच. आमच्यातलं एक मूल गप्पा मारायचं थांबून अर्धा तास नुसतं बघत उभं होतं.

जेवण उत्तम. बरोबर आचारी होता आणि वाटेत कुठेही भूक लागली तरी पिठलं-भात गरम मिळे. गाडी साधी, पण चालक अतिशय सावध.

जाणार असाल तर पिवळ्या तापाची लस किमान १० दिवस आधी घ्या, प्रवासाची ऑनलाइन परवानगी वेळेत काढा, टोपी रुंद काठाची न्या. पैसे भरण्याआधी कुठल्याही संस्थेला दोनच प्रश्न विचारा: मगदीला किती तास, आणि बरोबर दगड वाचणारं माणूस कोण? आणि पीएच कागद न्या. माझ्या वहीत चार पट्ट्या चिकटवल्यात, मगदी, नैवाशा, नाकुरूच्या वाटेवरचं एल्मेंटेइटा तळं आणि बोगोरिया, आणि त्यात एकटी नैवाशाची हिरवी आहे.