‘उजवा मेंदू जागा करा’ म्हणणारं वाचनाचं ॲप: टेस्ट भारी, ट्रेनिंग नको

दोन्ही मेंदूंनी, म्हणजे मेंदूच्या डाव्या आणि उजव्या अर्ध्या भागांनी, वाचायला शिकवतो म्हणणारं एक ॲप सध्या फार फिरतंय. नाव लिहीत नाही, असले दावे करणारी बरीच आहेत, पण लोक ते वाचताना अडखळणाऱ्या मुलांसाठी घेतायत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्यातली टेस्ट खरंच छान केलीय. मधोमध एक फुली असते, तिच्यावर नजर धरून ठेवायची, मग फुलीच्या डावीकडे नाहीतर उजवीकडे काहीतरी चमकून जातं आणि तो खरा शब्द होता की नुसती अक्षरं जोडलेली ते बटण दाबून सांगायचं. शब्द दिसतो जेमतेम १५० मिलिसेकंद आणि ते बरोबरच ठेवलंय, कारण नजर वळायला साधारण २०० लागतात, म्हणजे तिकडे बघेपर्यंत शब्द गेलेला असतो. नजरेच्या एका बाजूचं आधी विरुद्ध बाजूच्या मेंदूकडे जातं, त्यामुळे डावीकडचं उजव्या मेंदूकडे आणि उजवीकडचं डाव्या. माझं उजवीकडे पटापट जमलं, डावीकडे ‘पाणी’ लगेच कळायचं पण ‘विद्यापीठ’ आलं की काहीतरी लांबलचक गेलं एवढंच. प्रयोगांमध्येही असंच दिसतं, डावीकडच्या शब्दात अक्षरं वाढली की वेळ वाढत जातो, उजवीकडे फारसा फरक पडत नाही.

एवढं करून निकालात काय येतं, तर ‘तुमचा उजवा मेंदू झोपलाय’! अहो, झोपलेला वगैरे काही नसतो. लिहिलेला शब्द ओळखण्यात तरबेज झालेला भाग बहुतेकांच्या डाव्या मेंदूत, मागे खालच्या बाजूला असतो, लॉराँ कोएन आणि स्तानिस्लास दहान यांच्या टीमने २००० साली त्याचं नीट वर्णन केलं. डावीकडे दिसलेला शब्द आधी उजव्या मेंदूत पोचतो आणि मग कॉर्पस कॅलोसम या जाडजूड मज्जातंतूंच्या पट्ट्यातून तिथवर येतो, मग उशीर होणारच ना.

आणि हा रस्ताच तुटला तर काय होतं ते देजेरीन या फ्रेंच डॉक्टरने १८९२ मध्येच लिहून ठेवलंय. त्याच्या पेशंटला स्ट्रोकनंतर लिहिता यायचं पण स्वतःच लिहिलेलं वाचता यायचं नाही. डोळ्यांना अक्षरं दिसत होती, उजव्या मेंदूपर्यंत पोचतही होती, पुढे डावीकडे जायची वाट बंद. मला तर ही केस दर वेळी वाचताना थक्क करते.

म्हणून उजव्याला काहीच कळत नाही असंही नाही हां. रॉजर स्पेरी (१९८१ चं नोबेल) आणि मायकल गॅझानिगा यांनी ज्यांचा हा पट्टा ऑपरेशनमध्ये कापलेला होता अशा पेशंटवर प्रयोग केले, त्यात डावीकडे एखाद्या वस्तूचं नाव दाखवलं की पेशंट म्हणायचा काही दिसलं नाही, आणि त्याचा डावा हात आडोशामागून नेमकी तीच वस्तू चाचपून काढायचा. साधे शब्द उजव्यालाही कळू शकतात, तोंडाने सांगता येत नाही.

सगळ्यात जास्त राग आला तो ‘उजवा डोळा झाकून वाचा म्हणजे उजवा मेंदू चालू होतो’ या एक्सरसाइजचा. साफ चूक. प्रत्येक डोळ्यातून दोन्ही मेंदूंकडे तंतू जातात, विभागणी डोळ्यांची नाही, नजरेच्या डाव्या-उजव्या बाजूची असते. एक डोळा झाकला तरी दोन्ही मेंदूंना दिसतच राहतं, मग पोराला पट्टी लावून कशाला बसवायचं? वाचनात अडखळणाऱ्या मुलाला अक्षर आणि आवाज यांची जोडी पक्की करून घ्यायचा सराव लागतो, आणि तोच या ॲपमध्ये कुठे नाही.

आणखी एक, फोन डोळ्यापासून किती लांब धरायचा हे कुठेच सांगत नाहीत. जवळ-लांब केला की शब्द फुलीपासून किती बाजूला पडतो तेच बदलतं, त्यामुळे आजच्या स्कोअरची कालच्याशी तुलना करू नका.

टेस्टला ५ पैकी ४, ट्रेनिंगला १. मोठ्यांनी कुतूहल म्हणून फ्री टेस्ट जरूर करून बघा, मुलांसाठी पैसे भरू नका.